गणपतनं पाडलेलं पिस्तूल

भाद्रपदातली सकाळ होती. घोडेगावातलं कापडाचं दुकान उघडून मी गादीवर टेकतो न टेकतो तोच शिनोलीचा एक माणूस पायरीशी येऊन उभा राहिला. "शेट, कोरं मांजरपाट फाडा," म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात नवं मडकं होतं, त्यामुळे कापड कशासाठी हवं ते उघडच होतं. अशा गिऱ्हाइकाशी आमच्या धंद्यात भावावरून बोलत नाहीत आणि कोण गेलं हेही आधी विचारत नाहीत. मी मुकाट्यानं कापड मोजलं, फाडलं, घडी केली आणि हातात देताना विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "आपला गणपत… राती गेला. ताप उतरलाच न्हाई." माझ्या दोस्ताचं शेवटचं कापड मी स्वतःच्या हातानं मोजून दिलं होतं, आणि ते मला कळलंही नव्हतं. दुकान तसंच उघडं टाकून मी शिनोलीच्या वाटेला लागलो.

गणपत आणि मी घोडेगावच्या शाळेत एका बाकावर बसलो. त्याचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. थोडी शेती होती, पण वाड्यात शेवटपर्यंत पाच-पन्नास मेंढरं असायचीच. शाळा त्यानं मध्येच सोडली, मी पुढं दुकानात बसलो, पण बाजाराच्या दिवशी तो माझ्या गादीवर येऊन चहा प्यायल्याशिवाय कधी परत गेला नाही. घोंगडीला मेंढराचा वास असायचा, गिऱ्हाइकं नाक मुरडायची, आणि हा मुद्दाम आणखी पसरून बसायचा. कमी बोलणारा माणूस. जे बोलायचा त्यातलं निम्मं माझी टिंगल असायची.

त्याचा थोरला भाऊ तुकाराम लढाईच्या दिवसांत पलटणीत भरती झाला. एकदाच रजेवर आला, तेव्हा सोबत हवेचं पिस्तूल घेऊन आला. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबानं त्याला ते दिलं होतं. नळी बिजागरीशी मोडून खाली दाबायची, छर्रा घालायचा, की फट्‌कन आवाज होऊन चिंचेचा आकडा खाली. रजाभर त्यानं गावाला चिंचा खाऊ घातल्या. जाताना पिस्तूल आईच्या हवाली केलं, "परत आल्यावर घेतो" म्हणाला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. लढाई संपली, शेजारपाजारच्या गावांतली पोरं परत आली. तुकारामाबद्दल सरकारनं एवढंच कळवलं, की तो बेपत्ता आहे. गणपत त्यातून काय समजायचं ते समजला. त्याची आई, आमची सगुणामावशी, मात्र ते कधीच मानायला तयार झाली नाही. बेपत्ता म्हणजे पत्ता लागलेला नाही, लागंल, असा तिचा साधा हिशेब होता.

दरवर्षी खंडेनवमीला ती कुऱ्हाड, कोयता, मेंढरांची कातर मांडायची आणि सगळ्यांच्या मधोमध पिस्तूल. एके वर्षी पूजा झाल्यावर गणपतनं सहज नळी मोडायला घेतली, तर ती हलेना. जोर लावून मोडली, तर चाप ओढल्यावर नुसता उसासा टाकल्यासारखा आवाज आला. मावशीनं अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं. "तो आला की पयलं तेच मागंल. काय दावू त्येला?" हे तिनं असं धरलं, की गणपतला पिस्तूल घोंगडीत गुंडाळून दुरुस्तीसाठी बाहेर पडावंच लागलं. सोबत मी होतो. एरवी दुकान सोडून मी कुठं जात नाही, पण त्या म्हातारीचा चेहरा बघवत नव्हता.

हवेचं पिस्तूल दुरुस्त करणारा माणूस शोधणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा कळलं. शिनोलीच्या लोहारानं घोंगडीचं टोक उचलून बघितलं आणि लगेच सोडून दिलं. "मला आत घालतो का राव? ह्याला लायसन लागतं." लागत नाही म्हणून मी घसा कोरडा केला, पण तो भात्याकडे तोंड करून बसला तो बसलाच. मंचरच्या सायकलवाल्यानं हौसेनं खोलायला घेतलं, एका स्क्रूचं डोकं उडवलं आणि हात वर केले. पुण्याला बंदुकीच्या दुकानात गेलो, तर तिथल्या गृहस्थानं पिस्तुलापेक्षा गणपतच्या मुंडाशाकडेच जास्त वेळ बघितलं. सुटे भाग विलायतेहून येत, आता येत नाहीत, नवं घ्या, असं तो म्हणाला. मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो, पण गणपतनं माझा सदरा ओढला.

परतताना एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मिस्तरी न्हाई घावला तर बरंच हुईल, असं बी वाटतं मला." मी चिडलो. एवढी पायपीट मग कशाला? तो म्हणाला, "दुरुस्त झालं तर ती रोज दारात बसून वाट बघंल. न्हाई झालं तर घरात बसून रडंल. मी काय करू, तूच सांग." मी त्याच्या मांडीवरचं घोंगडीचं बोचकं माझ्या मांडीवर घेतलं.

शेवटी जुन्नरला स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणारे उस्मानचाचा भेटले. त्यांनी लायसनचं नाव काढलं नाही. उजेडात धरून बघितलं, म्हणाले, "ह्यात दट्ट्या आन् चामडं हाय, स्टोव्हच्या पंपात असतंय तसंच. खोलून बघू." खोललं. आतून लालसर, चिकट, घट्ट असा गोळा निघाला. चाचांनी तो बोटावर घेऊन हुंगला आणि आमच्याकडे बघत राहिले. "भाऊ, ह्यात गूळ कुनी घातला?"

गणपतचा चेहरा उतरला. मला काही उमजेना, तेव्हा त्यानंच सांगितलं. पूजा झाली की मावशी पिस्तुलाला कुंकू लावायची, तेल सोडायची आणि मग नळीच्या तोंडात गुळाचा खडा सारायची. लेक परदेशी उपाशी असेल, त्याच्या हत्याराचं तोंड तरी गोड करावं म्हणून. इतक्या वर्षांचा तो गूळ तेलात विरघळून आत उतरला होता, आणि त्यानं चामडं खाल्लं होतं. चाचांनी सगळं पुसून काढलं, नवं चामडं कापून तेलात मुरवलं आणि बसवलं. चाप ओढल्यावर तोच जुना फट्‌ आवाज आला. मला आनंद झाला, गणपतला झाला नाही. चाचांनी बजावलं, "आता तोंडात काय बी घालू नका. पुन्यांदा हे टिकायचं न्हाई."

म्हणजे मावशीला सांगणं आलं. मी म्हटलं, सरळ सांगून टाक, आई आहे ती तुझी. गणपतनं मान हलवली. "मी सांगितलं तर तिला वाटंल, दादाचं हत्यार आपुनच मारलं. आन् तो न्हाई आला, तर म्हनंल, त्याच्यामुळंच आला न्हाई." घरी गेल्यावर तो तिला म्हणाला, "आये, माझ्या हातनं पडलं व्हतं ते. नळी हलली व्हती. आता तोंडाला बूच मारलंय, ते काढायचं न्हाई, न्हाईतर पुन्हा बिघडंल." मी शेजारीच बसलो होतो. मी हो ला हो म्हटलं.

त्या दिवसापासून मावशीनं त्याला क्षमा केली नाही. येईल त्या पावण्याला ती सांगायची, "थोरल्याची एवढी एक वस्तू, ती बी ह्या धांदरटानं पाडली." राजुरीहून सोयरिकीला माणसं आली, त्यांच्यापुढंही तिनं तेच काढलं. ती सोयरीक जुळली नाही. त्यापायीच असं मी म्हणणार नाही, पण माझा जीव जळला. गणपत हसला, म्हणाला, "शिव्या देती तोवर ती धड हाय. गप झाली की मला भ्या वाटतं." असं बोलणारा माणूस न लग्न करता, न तक्रार करता, तिशीतच तापानं गेला. मला त्याचा राग येतो. एवढं सगळं एकट्यानं पोटात ठेवायचं काय अडलं होतं?

परवा खंडेनवमीला मी शिनोलीला गेलो. मावशीनं हत्यारं मांडली होती, कुंकू लावून झालं होतं, आणि ती भिंतीला टेकून बसली होती. मेंढरं भावकीनं नेली आहेत, त्यामुळे वाडा रिकामा. मग एकाएकी तिनं विचारलं,

"रामा, ते त्याच्या हातनंच पडलं व्हतं का रे?"

"हो मावशी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "अडलेली मेंढी त्यानं किती येळा सोडवली. वलं, बुळबुळीत कोकरू… एक बी कधी त्याच्या हातनं सुटलं न्हाई. आन् हे सुटलं?"

मी हातातल्या टोपीच्या कडा सरळ करत बसलो.

"मग कशानं बिघडलं व्हतं?"

गणपत असता तर त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं, आणि तिनं त्याला पोटभर शिव्या घातल्या असत्या. मी पिस्तुलाच्या तोंडावरचं बूच न्याहाळत बसलो. तिनं थोडी वाट पाहिली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मला तिनं शिवीसुद्धा दिली नाही.