मुलींची शर्यत सडकेवर ठेवणाऱ्या कुमुदिनीबाई

श्रीमती कुमुदिनीबाई उगले यांची आणि माझी पहिली ओळख नेरच्या बसस्थानकासमोर, माझ्या जीपच्या टपावरून झाली. मी त्या काळी नेर ते यवतमाळ प्रवासी जीप चालवीत असे. एके सकाळी बाई, कन्या शाळेच्या व्यायाम शिक्षिका, तीन मुली व तीन सायकली घेऊन आल्या आणि सायकली टपावर चढवा म्हणाल्या. मी नियमाने सांगितले, "बाई, टपावर बोचकं जाते, सायकल नाही जात." त्यांनी वाद घातला नाही. पदर खोचला, शिडीने स्वतः वर चढल्या आणि प्रत्येक दोन सायकलींच्या मध्ये एकेक गोधडी घालून दोरी बांधली. पोलिश खरवडले तर मुलीला घरी बोलणी बसतील, हे कारण त्यांनी मला वरूनच सांगितले. खाली उतरल्यावर पुढची जागा त्यांनी गाडी लागणाऱ्या मुलीला दिली व स्वतः मागे, भाजीच्या टोपल्यांशेजारी बसल्या. त्या दिवसापासून बाईंच्या शर्यतींना माझी जीप जात आली आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तथापि बाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो मी आनंदाने स्वीकारतो.

बाईंच्या कामाची पद्धत प्रथम नमूद करतो. मुलींच्या सायकली शर्यतीच्या नव्हत्या, घरच्याच होत्या. शनिवारी दुपारी बाई त्यांचे कॅरिअर आणि चिखलपट्ट्या काढीत, नटबोल्ट प्रत्येकीच्या रुमालात बांधीत आणि रविवारी सराव झाल्यावर सर्व पुन्हा बसवून देत. सोमवारी त्याच कॅरिअरवर कोणाच्या वडिलांना दुधाची कॅन न्यायची असे. एकाही घरातून सायकलीबद्दल तक्रार आली नाही. याचमुळे मुली घरातून सुटू शकल्या, असे माझे मत आहे.

शेवटी येणाऱ्या मुलीस बाईंनी कधीही 'शेवटची' म्हटले नाही. त्या म्हणत, "ही आमची सडक बंद करणारी." ती पोहोचल्याशिवाय कोणीही नाश्त्याला हात लावत नसे. एखाद्या मुलीला अवघड दिवस असले, तर बाई मला एवढेच म्हणत, "मामा, गाडी निंबाखाली लावा अन् तुमी चहा पिऊन या." मी चहा पिऊन येत असे. त्यावर कधी दुसरा शब्द झाला नाही.

विश्रांतीच्या वेळी बाई मुलींना परदेशातील स्त्रियांच्या सायकल शर्यतींविषयी सांगत. तिकडेही पूर्वी बायकांना लांबचे अंतर झेपणार नाही असे म्हणून थोड्यावरच परतवीत. आता त्या डोंगर चढून दिवसचे दिवस सायकल चालवतात आणि त्यांना संघाकडून पगार मिळतो. हे ऐकून सुनीता नावाच्या मुलीने विचारले, "बाई, माणसाइतका भेटते?"

"नाही वं, अजून कमीच भेटते."

"म्हंजे निंदनावानीच!" सुनीता म्हणाली, आणि बाईंसह सर्वजणी हसल्या. निंदणाला, म्हणजे पिकातले तण काढायला, आमच्याकडे बायांना पुरुषांपेक्षा कमीच मजुरी मिळते.

आता मुख्य प्रसंग सांगतो. कापसाने या जिल्ह्याला रडवले, त्या वर्षांपैकी एका वर्षाची ही गोष्ट आहे. बोंडे अळीने खाल्ली होती आणि उरल्या कापसाला भाव नव्हता. प्रजासत्ताक दिनाची सायकल शर्यत ठरविण्यासाठी गावातील समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, यंदा घरोघरी तोंडं उतरलेली हायेत. पोट्ट्या अर्ध्या सडकेत बसल्या तं हसं होईल. त्याईची शर्यत शाळेच्या मैदानावर घ्या. चार चक्कर मारल्या, झालं." बाई उभ्या राहिल्या व शांतपणे म्हणाल्या, "मुली पुरुषांच्याच सडकेनं, तेवढंच अंतर जातील. एक जरी मुलगी जीपमध्ये बसली, तर पुढच्या वर्षीपासून मी स्वतः मैदानावर घेईन." हा शब्द लिहून घेण्यात आला. दमलेल्यांना उचलायला शर्यतीच्या मागे चालणारी ती जीप माझीच होती.

शर्यतीच्या दिवशी, जिथून परत फिरायचे त्या फाट्यापर्यंत मुली छान गेल्या. परतताना वारा तोंडावर आला. सर्वांत लहान दुर्गा मागे पडली, आणि तिच्यामागे आम्ही: मी, शेजारी बाई, मागच्या आसनावर अध्यक्ष. दुर्गेची मान हँडलवर टेकत होती. अध्यक्ष म्हणाले, "बसवा तिले, बाई. लेकराचा जीव घेता का?"

बाईंचे सारे काम त्या एका मुलीवर अवलंबून होते. तरीही त्यांनी मला जीप तिच्या बरोबरीने घ्यायला लावली आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या पाठीवर ठेवला. "दुर्गे, चक्कर येते का? खरं सांग. बसायचं असंल तं बस, मी रागावत नाही."

दुर्गा म्हणाली, "नाही बाई. जीप मांगं घ्या, धूर लागून राह्यला."

मी जीप मागे घेतली. बाईंनी पदराने डोळे टिपले. ते मी पाहिले, पण पाहिले नाही असे दाखविले.

पुढे पुलाजवळ वेगळेच दिसले. आघाडीच्या सर्व मुली सायकली धरून उभ्या! अध्यक्ष खाली उतरून ओरडले, "काहून थांबल्या वं? शर्यतीत थांबते का कोनी?"

सुनीता म्हणाली, "तिची पात मांगं राह्यली नं, काका."

आमच्या शेतांत निंदण करताना प्रत्येक बाई आपली एक ओळ धरते, तिला पात म्हणतात. एखादीची पात मागे राहिली, तर शेजारणी हात लावून तिला धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत आणतात. सावलीत एकटीने जाऊन बसण्याची रीत नाही. या मुली त्यातच वाढलेल्या.

"अरे, हे निंदन हाय का?" अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचेही चुकत नव्हते. थांबू दिले तर ती शर्यत राहत नव्हती. रागावले तर दुर्गा एकटी पडून जीपमध्ये येणार होती. बाई खाली उतरून मुलींजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "वारा हाय तोवर पात सोबत न्या. पाळीपाळीनं एकीनं समोर होऊन वारा घ्यायचा, दुर्गेले मधात ठेवा. पेट्रोल पंप आला का मंग ज्याची त्याची! तिथं कोनी कोनाची वाट पाहील तं माझ्याशी गाठ हाय."

परदेशी संघ हीच युक्ती करतात, हे बाईंनी मला नंतर सांगितले. त्या दिवशी मी इतकेच पाहिले की दुर्गेची मान वर आली. पंप दिसताच सर्व मुली सुटल्या. सुनीता पहिली आली. दुर्गेने सडक बंद केली, स्वतःच्या सायकलीवर. अध्यक्ष जीपमधून उतरले, कोणाकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या वर्षी पुलाजवळ पाण्याची सोय ठेवा, बाई," आणि निघून गेले.

मुलींची शर्यत आजही सडकेवरच होते. पार राजूर, मुकुटबनच्या मुली येतात. त्यांच्या सायकली आता हलक्या आहेत आणि अंतर वाढले आहे. सुनीता शिकवते, दुर्गा आपल्या मुलीला सरावाला घेऊन येते. बाई यंदा साठ वर्षांच्या झाल्या. गुडघा दुखतो, तरी पहाटे सायकल काढतात व विचारले तर विषय बदलतात.

मी वयाने बाईंपेक्षा मोठा असल्यामुळे शुभेच्छांऐवजी आशीर्वाद देण्याचा माझा अधिकार आहे, तो मी येथे बजावतो. बाई, उदंड जगा. गुडघ्याला तेल लावत जा, डॉक्टरांचे ऐका. आपल्याकडची एखादी मुलगी त्या डोंगरांवरच्या शर्यतीत उतरेल, त्या दिवशी आम्ही सारे टीव्हीसमोर बसू. तेव्हा पुढे काय होते आहे, हे आम्हाला समजावून सांगायला तुम्ही ठणठणीत असल्या पाहिजेत.