पन्हा इंचात, लांबी मीटरात

विमान जगात कुठेच नव्हतं, हीच पहिली पंचाईत.

"कुठल्या फौजेचं हाय?" बाबांनी विचारलं.

"कुठल्याच नाही. मी मनानं काढलंय."

"मंग लढनार कोनाशी?"

आता याला काय उत्तर देणार, कपाळ माझं! माझ्याकडे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक सिम्युलेटर होता. कोणी त्याला गेम म्हटलं की माझं डोकं फिरायचं. त्यात आपण स्वतः बनवलेलं विमान घालता यायचं. बाहेरचे लोक खरी विमानं हुबेहूब बनवून घालायचे. मी मात्र भिवंडीजवळ शेलारला, आमच्या चोवीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडच्या वरच्या खोलीत बसून, कुठल्याच देशाकडे नसलेलं बॉम्बफेकी विमान बनवत होतो. शेपटीवर कुठला झेंडा काढावा ते सुचेना, म्हणून मागावरचा धोटा काढला. हे सगळं का चाललंय, ते मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. डिप्लोमा अर्धवट सोडून घरी बसलो होतो, एवढं खरं.

बाबा रोज पावणेसातला माझ्या दारावर थाप मारायचे. "उठ रे, शिफ्ट सुरू व्हते." मी कूस बदलायचो. ते दोन मिनिटं थांबायचे आणि जिना उतरून जायचे.

आदल्या दसऱ्याला त्यांनी एकेका लूमला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. पाने, पक्कड, तेलाचा डबा, अगदी शेडच्या झाडूलाही फूल मिळालं. माझ्या कॉम्प्युटरला नाही. "काम करनाऱ्या वस्तूची पूजा अस्ते," ते म्हणाले. म्हणजे झाडूपेक्षाही खालचा! मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि संध्याकाळी भांडणच काढलं. आईनं मधे पडून दोघांना गप्प केलं, तेव्हा बाबांनी शब्द टाकला, "फुडच्या दसऱ्यापावत तुजं विमान उडव. उडलं तर त्याला फूल वाहीन, आन् तुला शेडवर ये म्हननार न्हाय. न्हाय उडलं तर दुसऱ्या दिवसापासून फस्ट शिफ्ट."

वर्ष गेलं. विमान दिसायला झकास झालं होतं, पण धावपट्टीवर ठेवलं रे ठेवलं की टुणकन उडी मारायचं, उलटं व्हायचं आणि फुटायचं. वजन कमी केलं, वाढवलं, इंजिनाचा जोर दुप्पट केला. पुन्हा टुणकन. त्यात लोडशेडिंग. वीज गेली की खाली लूम बंद आणि वर मी. लूम दुरुस्त करणारा आमचा जॉबर जिन्यातून ओरडायचा, "छोटे सेठ, जहाज उड़ा क्या? थोड़ा तेल डालो!" मला वाटायचं, उचलावा कॉम्प्युटर आणि घालावा याच्या डोक्यात.

दसरा आठवड्यावर आला. शुक्रवार होता, शेडच्या सुट्टीचा दिवस. बाबा वर आले आणि माझी वही उचलून बघू लागले. मी सगळी मापं त्या वहीत काढली होती आणि तिच्यातूनच विमानाच्या फाइलीत भरली होती. चष्मा नाकावर सरकवून ते बोट फिरवत होते.

"पंखं पाचशे चाळीस. म्हंजे पंचेचाळीस फूट. लांबी एकोनीस मीटर. बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?"

"पन्हा इंचात, लांबी मीटरात. आनखी कशी लिवनार?"

मी वही हिसकावून घेतली. अरे देवा! सिम्युलेटरच्या माहितीच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, सगळी मापं फुटात. ते पान मी पन्नासदा वाचलं असेल. पण आमच्या घरात कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, इंचात आणि लांबी मीटरमध्ये, हे मी अक्षरं शिकायच्या आधीपासून ऐकत आलो होतो. हात आपोआप तसाच लिहीत गेला होता. कॉम्प्युटर बिचारा समजत होता, पंख पाचशे चाळीस फूट आणि अंग एकोणीस फूट. चाकंही त्याच हिशोबानं भलतीकडेच. उडी मारून फुटणार नाही तर काय करील? मला हसू आवरेना. बाबांना वाटलं, मी त्यांनाच हसतोय. "हसाया काय झालं?" म्हणून ते तणतणत खाली गेले.

सगळी मापं फुटात करून पुन्हा भरली, आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, त्यांना हाताला धरून वर आणलं. मुंबईच्या धावपट्टीवरून विमान निघालं, धावलं, आणि अलगद वर गेलं. मी खुर्चीतच नाचलो. बाबा मागे उभे होते. मग म्हणाले, "हिकडं घे. खाडीवर."

खाडी आली. पुढे नुसतं हिरवं, मोकळं रान.

"भिवंडी कुठं हाय?"

"हीच. पण यात ती घातलेली नाही, बाबा."

"लूम? वज्रेसरीचं देऊळ?"

"काहीच नाही."

त्यांनी पडद्यावरच्या त्या रानावर बोट ठेवलं. "तुजं नसलेलं विमान हाय, आन् आपलं असलेलं गाव न्हाय," म्हणाले, आणि उतरले. त्यांना आवडलं का राग आला, मला काही कळलं नाही.

दसऱ्याला ते ताट घेऊन वर आले. मॉनिटरला कुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडू ठेवला. "शस्त्र हाय, पूजा पायजेच," म्हणाले. मला आपट्याचं पान दिलं. "जिंकलास रे एकदाचा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला साडेसहालाच जाग आली. पावणेसात झाले. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. सात झाले. खाली एकेक करून लूम सुरू झाले. थाप पडलीच नाही. पैज मीच जिंकली होती, आणि मला रडू फुटलं. का, ते काही केल्या कळेना.

तोंड धुऊन मी खाली गेलो. बाबा एका लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होते. मला बघून जवळ आले आणि त्या खडखडाटात कानाशी तोंड आणून म्हणाले, "तू हितं कशाला? तुजं काम वर हाय."

आवाजात राग नव्हता. माझ्या त्या उद्योगाला त्यांनी पहिल्यांदाच काम म्हटलं होतं, आणि पहिल्यांदाच मला शेडमधून परत पाठवलं होतं. यातलं कुठलं मनावर घ्यावं ते मला तेव्हा समजलं नाही, आजही समजत नाही.

त्यानंतर बाबांनी कधी दारावर थाप मारली नाही. मी मात्र रोज पावणेसातला जागा व्हायचो, आणि लूम सुरू होईपर्यंत तसाच पडून राहायचो.