दुसऱ्याच्या बांधाला हात

मी मनोरकडची, डोंगराच्या पायथ्याची. आमच्याकडे शेताला बांध असतो तो चालण्यापुरता. फुटला तर फुटला, गडी विडी ओढून झाली की पुन्हा घालतो. समुद्र मी पाहिला तो लग्न होऊन इकडे आल्यावर, आणि खरं सांगायचं तर तो मला तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही. केळव्याला सुट्टीत माणसं येतात, वाळूत बसून वा वा करतात. करू देत बापडी. त्यांच्या ताटातला भात त्याने खाल्लेला नाही.

सासर बोईसर आणि तारापूरच्या मधल्या एका खेड्यात, खाडीच्या कडेला. साठनंतरची ती वर्षं. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या नव्यानेच आल्या होत्या आणि जो तो आता गाव सुधारणार म्हणून बोलत होता. गावाची भातशेती सगळी खाजणात, म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेल्या जमिनीत. मध्ये मातीचा एक लांबच लांब बांध. त्याच्या एका अंगाला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला आमचा भात. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की दिसायचं, खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच आहे. उंच! पहिल्या पावसाळ्यात ते पाहून मी दोन पावलं मागे सरले. सासूबाईंना विचारलं, हे असंच असतं का? त्या म्हणाल्या, असंच असतं, तू हातातली आवणाची रोपं लाव.

मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, निम्मं आयुष्य बांधालगतच्या एका शेतात गेलं होतं. खाऱ्या जमिनीत जाडाभरडा तांबडा भात तेवढा तग धरतो. जमीन गोडी करायची तर पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, मातीतलं मीठ त्यात उतरू द्यायचं आणि ओहोटीला बांधातलं दार, त्याला उघाडी म्हणतात, ते उघडून पाणी खाडीत सोडून द्यायचं. मग पुन्हा कोंडायचं. असं वर्षानुवर्षं. आणि एकदा जरी भरती आत शिरली तरी सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी मामंजींनी त्या शेतात पहिल्यांदा बारीक पांढरा भात लावला. रोज सकाळी जाऊन तो बघून यायचे, पाळण्यात मूल झोपलंय ना ते बघावं तसा. त्या शेतावर त्यांचा जीव होता, आणि त्यांना आता दुसरं शेत गोडं करण्याइतकं वय उरलेलं नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलायचं नाही एवढंच.

आता बांधाची रीत सांगते. एवढा मोठा बांध, पण तो सगळ्यांचा मिळून कधी नव्हता. प्रत्येक घराचा त्यावर आपला तुकडा. हद्दीवर खुंटी. आपल्या तुकड्यातली खेकड्यांची बिळं आपण बुजवायची, पेंढा आणि चिखल तुडवून आपणच लिंपायचं. दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. मदत म्हणूनसुद्धा नाही. कारण बांध जो लिंपतो त्याची त्यामागची जमीन, असा तिथला हिशेब. माझ्या आजेसासऱ्यांनी हेच केलं होतं. त्यांचा भाऊ आजारी पडला तेव्हा त्याचा तुकडा एक पावसाळा यांनी सांभाळला, आणि पुढे मोजणीवाले आले तेव्हा मागची पट्टी आपली म्हणून सांगितली. भाऊ ती पट्टी गमावून मेला. त्या भावाचा मुलगा म्हणजे मामंजींचे चुलत भाऊ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शेजारीच घर, पण दोन्ही घरांत हळदीकुंकवापुरतं येणंजाणं.

मामंजी ग्रामपंचायतीत निवडून आले होते. पंचायत समितीकडून खारबंधाऱ्याची योजना आली, तेव्हा ते इरेला पेटले. म्हणाले, बांध आता गावाचा करायचा. पावसाळ्याआधी श्रमदान, मग पंचायतीचा माणूस रोज फेरी मारील, जिथे बीळ दिसेल तिथे बुजवील. खाडीच्या अंगाला तिवरांची झाडं राखायची, म्हणजे लाटेचा मार बसणार नाही. तिवर तोडली की दंड. बांधावरची खेकडी शोधायला कुदळ मारली की दंड. आणि कोल्ह्यांना मारायचं नाही, कारण ते खेकडी खातात. याच्यावर तर लोक पोट धरून हसले. चुलीला लाकूड नाय, आणि कोल्ह्यांना राखतायत, म्हणाले. पण मामंजी घरोघर फिरले. कोणाला गोड बोलून, कोणाला हातापाया पडून त्यांनी खुंट्या उपटून घेतल्या. दीड वर्ष त्या माणसाने स्वतःच्या घरी धड जेवण केलं नसेल.

एक खुंटी तेवढी निघाली नाही. काकांची. आणि त्यांचा तुकडा नेमका आमच्या गोड्या शेतासमोर. त्यांच्या बापाची गेलेली पट्टी याच शेतात होती; जमीन गेली तरी बांधाचा तुकडा त्यांनी सोडला नव्हता.

काकांना मी दोष देत नाही. बापाची पट्टी कशी गेली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या घराकडून पंचायतीच्या नावाखाली पुन्हा तेच होणार नाही कशावरून? मामंजींनी समजावलं, ग्रामसेवकांनी समजावलं. काका ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे, नाही म्हणून. शेवटी ठरलं की बाकीचा बांध पंचायतीचा, तो तुकडा काकांचा, त्यांनीच सांभाळायचा. सांभाळतही होते. नाही म्हणायला जागा नाही, गावात सगळ्यांत नीट लिंपलेला तुकडा तोच असायचा.

मग तारापूरच्या बाजूला मोठं काम निघालं. वीजघर की काय ते. गावोगावची माणसं तिकडे मजुरीला जाऊ लागली. बोईसरला हिंदी बोलणारी माणसं दिसू लागली, नगर-साताऱ्याकडची बिऱ्हाडं आली. काकांना तिथे काम मिळालं आणि ते बायकोमुलांना घेऊन सालवडला खोलीत राहायला गेले. घराला कुलूप. पावसाळ्याआधी येऊन तुकडा लिंपून गेले, सुट्टीला अधूनमधून बघून जायचे. पण खेकड्याला सुट्टी नसते.

श्रावण सरता सरता मी पहिल्यांदा ते पाहिलं. गवत कापायला गेले होते. काकांच्या तुकड्यावर कोल्ह्यांच्या पावलांची नुसती गर्दी. बाकी बांधावर एखादं पाऊल, आणि इथे सगळा चिखल तुडवलेला. म्हणजे खेकडी इथेच होती, झुंडीने. बांधाच्या आतल्या अंगाला, आमच्या शेताकडे, एका जागी माती काळी ओली होती. भरती चढली तशी त्यातून बुडबुडे येऊ लागले. बारीक बारीक, आवाज न करता. मी तिथेच उभी राहिले. 

दुसऱ्या दिवशी बुडबुड्यांच्या जागी झरा. अंगठ्याएवढा. मी बोट लावून चाखलं तर खारट. भातापासून हातभर अंतरावर. मी सासूबाईंना ओढत घेऊन आले. त्यांनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, चिखल इथेच आहे, पेंढा घरात आहे, दोघी मिळून अर्ध्या तासात बुजवू. त्या म्हणाल्या, तुकडा त्यांचा हाय. मी म्हटलं, तुकडा त्यांचा असेल, शेत आपलं आहे ना! त्या पाठ फिरवून घराकडे चालू लागल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू, घरी जाऊन मी पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि एकटीच निघाले.

मामंजी वाटेतच भेटले. सासरा सुनेशी कधी थेट बोलत नसे तो काळ. काही सांगायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचे. पण त्या दिवशी समोर उभे राहिले आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावरची पाटी उतरवली.

"सूनबाय, माझ्या बापाने हेच केलेलं," म्हणाले. "मी करनार नाय."

पाटी तिथेच रस्त्याच्या कडेला ठेवून ते पावसात सालवडला चालत गेले. ग्रामसेवकांनी नोटीस काढतो म्हणून सांगितलं होतं, ते यांना नको होतं. भावाला नोटीस कसली पाठवायची? संध्याकाळी परत आले ते निथळतच. सासूबाईंनी विचारलं आणि आम्ही आतून ऐकलं. काका भेटले, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कामावर आता खाडा केला तर कायमचं घरी बसवतील, रविवारी सुट्टी आहे, रविवारी मी स्वतः येतो आणि बुजवतो. तोवर कोणी हात लावायचा नाही. पंचायतीनेही नाही आणि तू तर नाहीच. मामंजींनी शब्द दिला होता.

शुक्रवारी पिठोरी अमावास्या होती. अमावास्येला उधाण, आणि तिच्या पाठचे एक-दोन दिवस त्याहून जास्त. हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मामंजींना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्या दोन दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मामंजी पंचायतीच्या माणसाला घेऊन बाकीचा सगळा बांध दोनदा फिरून आले, जिथे काही नव्हतं तिथेही चिखल थापत सुटले. आणि काकांच्या खुंटीपाशी आले की वळायचे. मला वाटायचं, ओरडावं. वाटायचं, या माणसांना झालंय तरी काय.

शनिवारी भर दुपारी भरती आली. पाऊस नव्हता, वारा नव्हता, ऊन पडलं होतं. निम्मं गाव बांधावर आलं होतं, हातात फावडी, पाट्या. कोणी बोलावलं नव्हतं. काकांच्या तुकड्याच्या अलीकडे इतकी माणसं, पलीकडे तितकी, आणि मधला तुकडा मोकळा. झरा आता मांडीएवढा जाड झाला होता आणि पाणी गढूळ येत होतं, म्हणजे आतून माती वाहत होती. सगळे मामंजींकडे बघत होते. ते खुंटीला लागून उभे होते. एकदा त्यांनी फावडं उचललं. मी मनात म्हटलं, घाला, घाला हो. त्यांनी ते पुन्हा खाली ठेवलं.

बांध फुटला म्हणतात, पण तो फुटला नाही. बसला. थकलेलं जनावर बसतं तसा मधोमध खाली गेला, आणि त्यावरून पाणी आत आलं. घाई न करता आलं. मग मात्र सगळे धावले. आता कोण कोणाला अडवणार? मीही धावले. पाटीतला चिखल टाकला तो टाकता टाकताच विरघळला. भाताची टोकं थोडा वेळ दिसत होती, मग ती पण गेली. मामंजी जागचे हलले नाहीत. पाणी उघाडीपर्यंत पोचलं, शेजारच्यांच्या तांबड्या भातात शिरलं, आणि तेव्हा बायकांचं रडणं सुरू झालं.

रविवारी सकाळी काका आले. शब्दाचे पक्के. डोक्यावर पेंढ्याचा भारा, खांद्यावर फावडं. त्यांना वाटेत कोणी सांगितलं नव्हतं बहुतेक. बांधावर चढले आणि समोर बघत राहिले. भारा डोक्यावरून काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

"मी आज येतो म्हनलेलो ना?" त्यांनी विचारलं.

"म्हनलेलास," मामंजी म्हणाले.

एवढंच. मग दोघे ओहोटीच्या चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत खालीच होते. सगळं गाव त्यांच्याबरोबर उतरलं. बांध कोणाच्या हद्दीत, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. भोक बुजलं. पाणी मात्र आत आलं होतं ते आलंच होतं.

त्या वर्षी आमच्या घरात भात आला नाही. दिवाळीनंतर माझे यजमान तारापूरला कामाला लागले, काकांनीच लावून दिलं. मामंजी पंचायतीच्या बैठकीला जात राहिले, तिवरांवर, कोल्ह्यांवर बोलत राहिले. लोक आता हसत नव्हते, ऐकून घेत होते, आणि मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटायचं. उन्हाळ्यात ते शेत पांढरं पडलं, वर मीठ आलं. मामंजी तरी रोज सकाळी जायचे.

एका सकाळी मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले. ते शेताकडे तोंड करून बसले होते. मला राहवलं नाही. उभ्या आयुष्यात एकदाच मी त्यांना तोंडावर विचारलं, आणि रागानेच विचारलं, की माझ्या डोक्यावरची पाटी का उतरवलीत? मी परक्या घरातून आलेली, मला तुमच्या भावकीचं काय? माझा हात लागला असता तर कोणाचं नाव खराब झालं असतं?

त्यांनी तांब्या हातात घेतला. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"तू लिंपलं असतंस तर बांध रायला असता," म्हणाले. "आनि मी तुला माहेरी धाडली असती."

खरंच धाडली असती. ते खोटं बोलणारे नव्हते.