चांगदेवकाकाचे तळपाय

माझा चुलता चांगदेवकाका दिघाशीचा, काल्हेरच्या गोदामात वॉचमन. त्याचा कोणावर म्हणून विश्वास नाही. दूध उतू गेलं तरी त्यात हौसाकाकूचा काही डाव असेल, असं त्याला वाटतं. मला त्याचा राग येतो, आणि हसूही येतं.

हिवाळ्यात तो अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसतो. यंदा सगळ्यात कढत कुंडावर बसला. बाकीचे चटका बसून पाय वर घेत होते, हा मात्र निवांत. "पानी गार हाय," म्हणाला, "कोनीतरी यात थंड पानी सोडतंय." मग पाळत ठेवायला म्हणून तासभर तिथेच बसला. संध्याकाळी दोन्ही तळव्यांना हे मोठे फोड. आता म्हणे पाण्यात केमिकल होतं!

डावीकडचा फोड चिघळला, तेव्हा मी आणि काकूने त्याला भिवंडीत डॉक्टर रीमांकडे ओढून नेलं. काकाला बारा वर्षांची शुगर. डॉक्टर म्हणाल्या, "काका, पायाची जाणीव देणारी पेशी कंबरेजवळ मणक्यालगत असते. तिचा एकच धागा पार अंगठ्यापर्यंत जातो. चटका बसला की त्यातून विजेसारखी लहर वर मेंदूकडे धावते. शुगरने हे धागे झिजतात, बोटं हलवणारेही, आणि सगळ्यात लांबचे आधी. पाणी कढतच होतं, तुम्हाला खबर पोचली नाही. असंच चाललं तर पाय कापायची वेळ येईल."

काका माझ्याकडे बघून म्हणाला, "या डॉक्टरनीला टेस्टा करून पैसे उकळायचेत."

नसांची टेस्ट झाली. हाताला करंट दिला तर बोटं उडाली. पायाला दिला तर अंगठा जेमतेम हलला. "पायाला बटन दाबतच न्हाय तुमी," काका म्हणाला. काकूने चप्पल काढली आणि खाटेवर पाय ठेवला. "मना लावा. बटन त्यांनाच दाबू द्या."

काकाने स्वतः बटण दाबलं. काकूचा अंगठा टणकन उडाला. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा उडाला. असं सोंग कोणाला आणता येत नाही, हे त्यालाही कळलं. तो घाबरला होता, मला स्पष्ट दिसत होतं.

जखम दीड महिन्याने भरली. काकाची कंबर आखडलेली, स्वतःचा तळवा त्याला दिसत नाही. म्हणून रोज ड्युटीआधी काकू त्याचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासते. परवा मी तिथेच होते. काकू म्हणाली, "टाचंला चीर पडलीय. आज बूट घालू नका, ड्युटीला जाऊ नका."

काकाला काहीच दुखत नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग काही न विचारता युनिफॉर्मची बटणं काढू लागला.