पत्रिकेवरची मंदिर परेड

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाच्या पोस्टवर होतं. आम्ही चौदा जण. ०५०० ला उठणे, ०५३० ला चहा, रविवारी ०८३० ला मंदिर परेड. गावाकडे लोक विचारतात म्हणून सांगतो, ही खरोखरच परेड असते. फॉल-इन होतं, हजेरी होते आणि दांडी मारली तर शिक्षाही होते. फौजेत देवापुढेही हजेरी लावूनच उभं राहायचं.

पोस्टवर देवळाला जागा कुठली! रिकाम्या पेटीला आम्ही चार खण पाडले होते. एकात गणपती, एकात मक्केची तसबीर, एकात क्रूस, एकात गुरूंची तसबीर. कंपनी कमांडर मेजर साहेब ख्रिस्ती, पण आरतीचं ताट तेच धरायचे. जवानाचा धर्म तोच साहेबाचा धर्म, ही फौजेची जुनी रीत.

धर्मगुरू खाली बटालियनमध्ये असत. वर त्यांचं काम नाईक रामदासकडे होतं. रामदास माझ्याच गावचा. आमचं गाव वऱ्हाडी मुलखात, अल्लीपूरपासून दोन कोसांवर. माणूस सोन्यासारखा, पण पाठांतराच्या नावानं बोंब. आरतीची पहिली ओळ झाली की त्याची गाडी अडायची. मग डोळे मिटून तो स्वतःचंच म्हणायचा, "देवा, सगळ्याइले घरी पोचव. अन् तवरक चहा गरम राहू दे."

चौदा जण ओरडायचे, "राहू दे!" पंजाबी, मल्याळी, सगळे, तेही वऱ्हाडीत. मेजर साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

एका जानेवारीत वरच्या चौकीवरचे चार जवान थंडीनं आजारी पडले. रामदास दोर घेऊन त्यांना आणायला गेला. रेडिओवर घरची बोली बोलायची नसते, पण सेटवर मी असलो की तो बोलायचाच. १४१० ला आवाज आला.

"तिघं पोचले. चौथ्याले आणतो. ओव्हर."

"मौसम बिघडून राह्यला. लवकर कर. ओव्हर."

"आलोच. आउट."

१४३५ ला बर्फाचा कडा कोसळला. चौथा जवान दोराला बांधलेला सापडला, जिवंत. रामदास दुसऱ्या दिवशी मिळाला. मी त्या दिवशी रडलो आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

दोन वर्षांनी गावात शाळेसमोर त्याचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. तोवर मी रिटायर होऊन घरी आलो होतो. अनावरण सरकारी होतं, तहसीलदार येणार होते. कार्यक्रमपत्रिका लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी सवयीनं पहिलीच ओळ लिहिली : ०८३०, मंदिर परेड. तशीच ती छापून आली.

त्या सकाळी तहसीलदारांनी पत्रिका वाचली. "सुभेदार साहेब, हा सरकारी कार्यक्रम आहे. धार्मिक विधी यात बसत नाही. हे वगळा, नाहीतर मला अनावरण पुढे ढकलावं लागेल."

सरपंच नारळ, हार, हळदकुंकू घेऊन तयारच होते. ते तडकले. "छापलं ते होईनच. पूजेबिगर कपडा निघणार नाई. काऊन, शहीद काय एकट्या सरकारचा होता?"

दोघेही हट्टाला पेटले. मध्ये कापडात गुंडाळलेला स्तंभ, आणि शेजारी खुर्चीवर रामदासची आई, यमुनाकाकू. नवं लुगडं नेसून सहा वाजल्यापासून बसल्या होत्या. दोन वर्षं त्यांनी या सकाळची वाट पाहिली होती आणि माझ्या एका ओळीनं ती हातची जात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "बापू, तुमच्या त्या परेडीत माहा रामदास काय म्हणे?"

मी खरं ते सांगितलं. आरती त्याला येत नव्हती. म्हणायचा ते शब्दन् शब्द सांगितलं.

काकू पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "लहानपणापासून असाच! पाढे तिनाच्या पुढं गेले नाई त्याचे. मले वाटे, फौजेत तरी शिकला असंन." डोळे पुसून त्या तहसीलदारांकडे वळल्या. "साहेब, हेच म्हणू आपण. याच्यात देव कोणाचा, ते त्यानं सांगतलंच नाई."

तहसीलदारांनी पत्रिकेची घडी करून खिशात घातली. "याला माझी हरकत नाही, आई."

"अन् नारळ?" सरपंचांनी विचारलं.

"तो घरी फोडजो," काकू म्हणाल्या. "अगुदर चहा मांड, मंग बाकी."

सगळे हसले. सरपंचही हसले आणि स्वतःच स्टोव्ह पेटवायला गेले.

०८४५ ला मी जोरात ऑर्डर दिली, "फॉल-इन!" शेतकरी, दुकानदार, शाळेच्या बाई, तहसीलदार, सगळे उभे राहिले. एवढी वाकडी लाइन मी सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती, पण त्या दिवशी कोणालाच झापलं नाही. "सावधान!"

काकूंनी हात जोडले. "देवा, सगळ्याइले घरी पोचव. अन् तवरक चहा गरम राहू दे."

"राहू दे!" गाव गरजलं. तहसीलदार माझ्या शेजारीच होते. त्यांचा आवाज ऐकून मला मेजर साहेब आठवले.

कापड निघालं. काकूंनी रामदासच्या नावावरून हात फिरवला. "पोचला रे बापा घरी," त्या म्हणाल्या.

सरपंच चहा घेऊन आले. काकूंनी पहिला कप उचलला, हाताला चटका बसतोय याची खात्री केली, आणि तो स्तंभाच्या पायरीवर ठेवला.