माझ्यासाठी बंद राहिलेला मासळीबाजार

रेल्वेच्या नोकरीसाठी मी डहाणूत आलो. तिकीटखिडकीत बसून लोकांच्या गमती बघता बघता इथल्या पेपरात विनोदी सदर लिहायला लागलो. पंचवीसएक वर्षं एकही रविवार चुकवला नाही. बढाई म्हणा हवं तर! गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावात घरोघर गुजराती पेपर येतो, पण रविवारी माझ्यासाठी मराठीही घेतात. मासळीबाजाराला तर मी इतकं छेडलंय, की तिथल्या बायका मला बघताच ओरडतात, "आले बघा काका! आता कोणाची खेचणार?"

आणि मध्यंतरी नव्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "काका, आता थांबू या. हल्ली हे कोण वाचतं?" माझ्या मुलाच्या वयाचा माणूस! डोकंच फिरलं माझं. रविवारी सदराच्या जागी मोबाइलची जाहिरात आली. दिवसभर मी घराबाहेर पडलोच नाही.

सोमवारी सकाळी दाराशी रडारड ऐकू आली. उघडतो तर मासळीबाजारातल्या सात-आठ बायका, डोळ्यांना पदर लावलेल्या. मी बनियनवर, तोंडात चिकू. सगळ्यांत पुढे पापलेटवाली, जिच्या चढ्या भावावर मी सगळ्यांत जास्त लिहिलंय. ती किंचाळलीच, "अगो बाय! काका तर जिते हायत!"

सदर आलं नाही म्हणजे मी गेलो, असं त्यांनी धरलं होतं. आपलं माणूस गेलं की त्या दिवशी या बाजारात कोणी टोपली उघडत नाही. त्या सकाळी एकीनंही उघडली नव्हती. मी ना त्यांच्या जातीचा, ना गावचा. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

खरं कारण कळल्यावर पापलेटवालीनं मला माझ्याच फोनवरून संपादकांना फोन लावायला लावला आणि फोन हिसकावून घेतला. "काका जिते हायत, मग छापत का नाय?" मागून बाकीच्यांचा कल्ला. शेवटी फोन माझ्या हाती परत आला. संपादक म्हणाले, "काका, शुक्रवारपर्यंत मजकूर पाठवा."

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "या रविवारी तुमच्या रडण्यावरच लिहितो!" सगळ्या खिदळल्या. पापलेटवाली मात्र हसली नाही.

"लिवा," ती म्हणाली, "पन मी खरीच रडलेली. तेवढं हसण्यावारी नका नेऊ."