उठा-खाला

गल्लीत कुणी अंथरूण धरलं की त्या घरच्या पाहुण्यांना धास्ती पडायची ती उठा-खालाची. तिचा खरा धंदा गाद्या भरण्याचा. गल्लीच्या तोंडाशी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं दुकान होतं. ती कापूस पिंजून खोळीत भरायची, तो लांब दाभणानं टाके घालायचा. पण दुपारची नमाज झाली की ओढणीवरचा निम्मा कापूस झटकून आणि निम्मा तसाच मिरवत ती आजाऱ्याला बघायला निघायची. दारातूनच तिचा आवाज आत शिरायचा. "झालं ना बघून? उठा आता! आजारी माणूस आहे, तमाशा नाही."

गल्लीच्या या खालाला, म्हणजे मावशीला, नाव पडलं ते यावरूनच. एकदा तर तिनं तापानं फणफणलेल्या जावयाच्या उशाशी ठाण मांडलेल्या सासूबाईंना उठवलं. सासूबाईंनी ते अजून मनातून काढलेलं नाही. ताप मात्र त्याच संध्याकाळी उतरला, असं जावई सांगतो. अर्थात सासूबाई आसपास नसताना.

खोली रिकामी झाली की खालाचा आवाज एकदम खाली यायचा. आधी ती आजाऱ्याखालची गादी चाचपायची. कुठं गुठळी लागली तर बुक्के मारून सारखी करायची. मग "कुठं दुखतं?" असं विचारून नेमका तिथंच उजवा हात ठेवायची आणि आईकडून शिकलेली दुआ म्हणायची. आधी अरबीत, मग आजाऱ्याला कळावी म्हणून साध्या बोलीत. "हे माणसांच्या पालनकर्त्या, हे दुखणं दूर कर. बरं करणारा तूच, तुझ्यावाचून दुसरं कुणी नाही. असं बरं कर की दुखणं मागे उरू नये." ताईत नाही, दोरा नाही. दुआ संपली की लगेच औषधाची बाटली पुढं. "त्याच्याकडं मागितलंय ना? मग हेही त्यानंच धाडलंय. गीळ मुकाट्यानं."

आणि निघताना उंबरठ्यावर थांबून एक वाक्य ठरलेलं. "आता तू माझ्यासाठी दुआ कर. आजाऱ्याची दुआ लवकर ऐकली जाते."

हे ती तोंडदेखलं म्हणत नसे. तिचा त्यावर पक्का भरवसा होता. अर्धं अंग गेलेला म्हातारा सुतार कित्येक वर्षं पडून होता. घरचे त्याचं सगळं करायचे, पण त्याच्याकडं कुणी काही मागायचं नाही. खालानं मागितलं, तेव्हा त्यानं चालणारा हात वर उचलला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून दाढी करून घेतली. खाला मात्र ते बघायलाही थांबली नव्हती. आजाऱ्यापासून लवकर उठायचा नियम तिनं स्वतःलाही लावून घेतला होता. अशी बाई गल्लीला लाभली हे गल्लीचं नशीबच म्हणायचं.

मग तिच्याच घरात दुखणं शिरलं. नवऱ्याच्या हातून दाभण गळायला लागलं. टाका अर्धवट टाकून तो पोट धरून बसायचा. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, पोटात गाठ आहे, ऑपरेशन करा, लवकर केलंत तर माणूस हाती लागेल. खालानं मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं, "थकवा आलाय यांना. एवढ्या गाद्या हातावेगळ्या होऊ देत, मग बघू."

गाद्या काही हातावेगळ्या होत नव्हत्या. एक गेली की ती दुसरी ओढून घ्यायची. मधूनच आत यायची, नवऱ्याच्या पोटावर हात ठेवायची, भरभर दुआ म्हणायची आणि "कापूस उघडा पडलाय" म्हणत पळायची. सगळ्या गल्लीला औषध गिळायला लावणारी ही बाई स्वतःच्या नवऱ्याला दवाखान्यात न्यायला घाबरत होती.

नवरा फार बोलणारा नव्हता. त्याचं बोलणं त्याच्या टाक्यांसारखंच, लांब लांब अंतरावर पडायचं.

एका दुपारी ती अशीच दुआ म्हणत होती. जाड गादीतली बारीकशी गुठळी शोधणारा तिचा तळवा नवऱ्याच्या बरगडीखाली थबकला. तिथं काहीतरी टणक होतं. तिचे शब्द अडले. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कशीबशी संपवली आणि उठली. त्यानं तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"बस ना जरा."

"बसून कसं चालेल? आजाऱ्यापाशी फार वेळ..." ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"तो नियम पाहुण्यांचा. तू पाहुणी आहेस का?"

ती गादीच्या कडेवर टेकली.

"सुताराकडं दुआ मागितलीस," तो म्हणाला. "त्या जावयाकडं मागितलीस. माझ्याकडं एकदाही नाही."

"तुम्हाला काय झालंय म्हणून मागू?"

"आत्ता हाताला लागलं ते."

खालाला रडू फुटलं. "मागितलं की तुम्ही त्या आजाऱ्यांतले झालात. मला नाही सोसायचं ते, अहो."

"मी झालोय त्यांच्यातला. माग आता."

तिनं मागितलं. तेच नेहमीचं वाक्य. त्यानं दोन्ही हात वर केले. "या अल्लाह, उद्या मला दवाखान्यात नेताना हिला धीर दे. कागदावर सही करताना हिचा हात थरथरू देऊ नकोस. आणि तिथल्या लोकांवर हिला ओरडू देऊ नकोस."

"शेवटचं अवघड आहे," खाला नाक पुसत म्हणाली. त्या दुपारी ती पुन्हा कापसाकडं गेली नाही.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. संध्याकाळी निम्मी गल्ली त्याच्या खाटेभोवती जमली होती. खाला स्टुलावर, त्याचा हात हातात घेऊन बसलेली. तिनं कुणालाच उठवलं नाही, तेव्हा लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग नर्स आली. "भेटायची वेळ संपली. पाहुण्यांनी उठा आता."

सगळे निमूट निघाले, खालानं त्यांना सवयच तशी लावली होती. खाला जागची हलली नाही.

"तुम्हालाही सांगितलं, आजी."

"बरोबर आहे तुमचं, बाई. पाहुण्यांना उठवायलाच हवं," खाला म्हणाली. "मी पाहुणी नाही."

नवऱ्याचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हसले. नर्सनं ते पाहिलं आणि जाताना पडदा ओढून घेतला.